‘फँड्री’ म्हणजे काय? (आमच्या घरी ‘फौंड्री’ समजले होते)

शिरोलीचा_साचा

प्रश्न विचारायला उशीर झालाय, ‘फँड्री’ सिनेमा येऊन दहा वर्षं उलटली. पण परवा टीव्हीवर पुन्हा लागला आणि आमच्या आण्णांनी दहा वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा टाकला, म्हणून इथं आलो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर तुम्ही हसाल. आमचे आण्णा कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं कामाला. निम्मी नोकरी मोल्डिंगला, निम्मी भट्टीवर. कोल्हापुरात ‘फौंड्री’ हा इंग्रजी शब्द आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात नसतं, तो आमचाच शब्द. २०१४च्या फेब्रुवारीत गावात पोस्टर लागलं. आण्णांनी सायकल थांबवून वाचलं आणि घरी येऊन जाहीर केलं, “फौंड्रीवर पिक्चर काढलाय. अगदी शेवटाला का होईना, कुणाला तरी आठवण झाली.” आईनं विचारलं, मग त्या पोस्टरवर ते पोरगं कशाला? तर म्हणाले, हेल्पर असंल.

गेलो आम्ही तिघं. इंटरव्हलपर्यंत आण्णा भट्टीची वाट बघत होते. खोटं नाही सांगत, हळूच माझ्या कानात म्हणाले, “आता दुसऱ्या भागात पोरगं एमआयडीसीत लागतंय बघ.” दुसऱ्या भागात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. शेवटचा दगड आला आणि पडदा काळा झाला, तेव्हा आण्णा खुर्चीतून लवकर उठलेच नाहीत. रस्त्यातही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच, “नाव काय म्हणून ठेवलंय पण ते?”

मला तेव्हा कुणीतरी सांगितलं, फँड्री म्हणजे डुक्कर. ते मी आण्णांना सांगितलं. पण कुठल्या भाषेत? एक मित्र म्हणतो वडारी, एक म्हणतो कैकाडी, एकानं तर छातीठोकपणे इंग्रजी स्लँग आहे म्हणून सांगितलं. आणि शब्द असा का ऐकू येतो? डुक्कर, सुव्वर, वराह, कशाशीच नातं नाही. परवा आण्णा म्हणाले, “तुला मोबाईलवर सगळं गावतंय, एवढं गावंना व्हय?” तेव्हा जाणकारांनी सांगा. एका ओळीतलं उत्तर माझ्याकडे आहे, मला त्याच्या पुढचं पाहिजे.

घाईत_आहे

डुक्कर. कैकाडी भाषेतला शब्द. इंग्रजीशी काही संबंध नाही. (एका ओळीतलं नको म्हणालात, पण मी बसमध्ये उभा आहे.)

अंबत्तूरचा_पाहुणा

वरच्यांनी बरोबर सांगितलंय. पुढचं मी सांगतो, कारण या शब्दानं मला एकदा चांगलंच चमकवलं होतं.

मी नोकरीनिमित्त आठ वर्षं चेन्नईत, अंबत्तूरला होतो. तमिळ वाचायला शिकलो ते बसच्या पाट्या वाचून. ही लिपी शिकताना एक गंमत लवकर कळते. तमिळमध्ये दोन वेगळे ‘न’ आणि दोन वेगळे ‘र’ आहेत, आणि त्यातला एक ‘न’ आणि एक ‘र’ शेजारी आले की लिहिलेलं असतं ‘न्र’, पण वाचायचं ‘न्ड्र’. ‘धन्यवाद’साठी तमिळ शब्द तुम्ही ऐकला असेल, ‘नन्ड्री’. तो लिहितात ‘नन्रि’. आता तमिळमध्ये डुकराला काय म्हणतात? लिहितात ‘पन्रि’. वाचा बघू.

पन्ड्री.

मी सिनेमा पाहिला तो चेन्नईहून परत आल्यावर. नाव बघून माझाही इंग्रजी समजच झाला होता. पण डुक्कर पकडायचा तो प्रसंग सुरू झाला, तो शब्द कानावर पडला, आणि मी थिएटरात शेजाऱ्याला विनाकारण कोपर मारलं. शेजारी अनोळखी होता, ते नंतर लक्षात आलं.

कैकाडी ही मराठीची बोली नाही. ती द्राविडी भाषा आहे आणि तमिळच्या कुळातली आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मुंडा आणि द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ साली निघाला, त्यातही कैकाडी तमिळच्याच खाली घातलेली आहे. आंध्रातले येरुकल, कर्नाटकातले कोरव आणि आपल्याकडचे कैकाडी ही एकमेकांच्या नात्यातली माणसं. टोपल्या विणत, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारी. फिरत फिरत ही माणसं मराठी मुलखात आली, इथली झाली, चारचौघांत मराठी बोलू लागली, पण घरातली भाषा तीच राहिली. 

आणि गंमत बघा, खुद्द चेन्नईच्या रस्त्यावर आज कुणी ‘पन्ड्री’ म्हणत नाही. बोलीत त्याचं ‘पन्नी’ झालंय. रिक्षावाले एकमेकांना शिवी देतात ती ‘पन्नी’. तो पुस्तकी ‘न्ड्र’ मात्र इकडे सोलापूर-नगरच्या माळावर, एका न लिहिल्या गेलेल्या भाषेत ठणठणीत शिल्लक आहे. भाषेत असं पुष्कळदा होतं, घर सोडून लांब गेलेल्या माणसांकडेच जुनी भांडी सापडतात.

आता तुमचा मुख्य मुद्दा, शब्द इंग्रजी का वाटला. त्यात आण्णांची काहीच चूक नाही, चूक आपल्या लिपीची! ‘ॅ’ ही खूण मराठीत आली ती इंग्रजी उच्चारांसाठी. बँक, फॅक्टरी, ट्रॅक्टर, गॅस. त्यामुळे ‘फँ’ दिसलं की मराठी डोळा शब्द वाचायच्या आधीच ठरवतो की हा साहेबाकडून आलाय. त्यात पुढे ‘ड्री’. लाँड्री, बाउंड्री, फौंड्री. हा देशी शब्द आहे, तोही साहेब यायच्या कितीतरी शतकं आधीचा, अशी शंकासुद्धा येत नाही.

अवांतर: इंग्रजीतला ‘फाउंड्री’ लॅटिनमधल्या ओतणे या अर्थाच्या धातूवरून आलाय. तेव्हा त्या दोघांचं नातं फक्त तुमच्या घरातलं.

पूर्वभाग_सोलापूर

पाहुणे, वा! आमच्या घरी हा शब्द कुणाला विचारावाच लागला नाही. आम्ही सोलापूरचे पद्मशाली, घरात तेलुगू. डुकराला आम्ही ‘पंदी’ म्हणतो. आमची अव्वा सिनेमा बघताना पहिल्यांदा तो शब्द ऐकून म्हणाली, “हे आपलंच कायतरी वाकडं करून बोलायलेत.” वाकडं नाही अव्वा, सरळ तेच आहे, वाकडं आपण केलंय.

एक गोष्ट जोडतो, कारण वडारी की कैकाडी असा घोळ वर आलाय. तो घोळ कुठून आला असेल ते सांगतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे आमच्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यात जेऊरचे, आणि ते वडार समाजातले. वडारी भाषा तेलुगूच्या घरातली. त्यामुळे लोकांनी धरून चाललं की नाव वडारीतलं. पण सिनेमातलं माने कुटुंब कैकाडी आहे. वडारीतून घेतलं असतं तर नाव ‘पंदी’च्या आसपासचं झालं असतं. म्हणजे माणसानं आपल्या घरातला शब्द न घेता शेजारच्या पालातला घेतला, पात्रांच्या तोंडी जो बसेल तो. मला ही गोष्ट नावापेक्षा जास्त आवडते.

निपाणी_नाका

माहिती भारी. आमच्या सीमाभागात कानडीत ‘हंदी’ म्हणतात, तोपण याच घरातला दिसतोय. पंदीचा हंदी कसा झाला कुणी सांगेल का?

पण एक शंका, राग मानू नका. प्रेक्षकाला कळणार नाही असं नाव ठेवून काय मिळवलं? ‘डुक्कर’ ठेवलं असतं तर आण्णांची भट्टी तरी वाचली असती. नाव समजायला तमिळ शिकावं लागत असेल तर ते नाव कसलं, कोडं झालं. मला ही थोडी चलाखी वाटते. अनोळखी शब्द ठेवायचा, लोक विचारत बसतात, आपोआप जाहिरात.

अंबत्तूरचा_पाहुणा

हंदीचं सोपं आहे. जुन्या कानडीत शब्दाच्या सुरुवातीला ‘प’ होता, दहाव्या शतकानंतर हळूहळू त्याचा ‘ह’ होत गेला. तमिळमध्ये दूध म्हणजे ‘पाल’, कानडीत ‘हालु’. वाघ ‘पुली’, कानडीत ‘हुली’. फूल ‘पू’, तिकडे ‘हूवु’. तेलुगू गावांच्या नावात ‘पल्ली’, कानडी गावांच्या नावात ‘हळ्ळी’. पंपेची हंपी झाली तीही अशीच. तसाच जुन्या कानडीतला ‘पंदी’ आजचा ‘हंदी’. एकाच जनावराची चार घरांतली चार नावं, पन्ड्री, पंदी, हंदी, फँड्री.

चलाखीच्या मुद्द्यावर मी बोलत नाही, ते कुणीतरी आतल्यानं बोलावं.

तुराटी

आतली म्हणजे मीच बहुधा. बरेच दिवस नुसतं वाचत असते, आज लिहिते.

मी कैकाडी. माहेर पंढरपूरकडचं. एका खेड्यातल्या शाळेत शिक्षिका आहे. आईनं आयुष्यभर तुराट्यांच्या आणि निर्गुडीच्या टोपल्या विणल्या. डालगी, पाट्या, कणग्या. माझ्या आजोबांकडे दोन गाढवं होती. डुकरं आमच्या घरात नव्हती, चुलत्यांकडे होती, आणि मी लहानपणी त्यांच्याकडे जायला नकार द्यायचे.

पाहुण्यांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं, खरंच. आमची भाषा १९०६च्या पुस्तकात आहे हे मला माहीत नव्हतं. पण पुस्तकात असली तरी ती घराबाहेर कधी काढायची नाही, हे आम्हाला चालायला शिकायच्या आधी शिकवलं जायचं. आजोबा सांगायचे, चारचौघांत दोन शब्द आपल्या भाषेत बोललं की लोकांना वाटतं हे चोरीचा बेत करतायत. त्यांना तसं वाटायला कारण होतं. १८७१च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं जन्मलेलं पोरसुद्धा गुन्हेगार ठरवलं, कैकाडी त्या यादीत होते. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. कायदा १९५२ला गेला. आजोबांचा आवाज मात्र शेवटपर्यंत बाजारात गेला की हळू व्हायचा. आम्हाला हाक मारायची झाली तरी मराठीत मारायचे.

आणि मराठीत आमच्यासाठी शब्द होताच. “काय कैकाडणीसारखी भांडतेस!” हे वाक्य मी शिक्षक झाल्यावर स्टाफरूममध्ये ऐकलंय, एका सहकारी बाईंनी दुसऱ्या बाईंना हसत हसत म्हटलेलं. मी वह्या तपासत होते. तपासत राहिले.

आता नावाबद्दल. निपाणीकर दादा, तुम्ही विचारलंत ते योग्यच आहे, राग अजिबात नाही. पण ‘डुक्कर’ हा तुमचा शब्द आहे. गावाचा शब्द. शिवी म्हणून वापरायचा, शिवला तर विटाळ मानायचा. ‘फँड्री’ आमच्या घरचा शब्द. माझी चुलती डुकराच्या पिल्लांना हाका मारायची तेव्हा तिच्या तोंडात त्या शब्दाला कसलाच वास नव्हता. शेळीला शेळी म्हणावं तसं. सिनेमात शेवटाकडे गावातली पोरं जब्याला, म्हणजे त्या माने कुटुंबातल्या पोराला, चिडवतात ती याच शब्दानं. त्यांना आधी तो माहीत नव्हता. आमच्या तोंडून ऐकला, उचलला, आणि तिथल्या तिथे त्याची शिवी केली. घरातला एक साधा शब्द बाहेर गेल्या गेल्या कसा घाण होतो ते मी पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं. ‘डुक्कर’ नाव ठेवलं असतं तर हे दिसलंच नसतं, कारण तो शब्द आधीपासूनच घाण आहे.

मी सिनेमा नवऱ्याबरोबर पाहिला, बार्शीला. तो शब्द आला तेव्हा आजूबाजूला कुजबुज झाली, “काय म्हणाला? काय म्हणाला?” अख्ख्या थिएटरात बहुतेक मी एकटीच होते जिला विचारावं लागलं नाही. आयुष्यभर उलटं झालेलं, सगळ्यांना कळायचं आणि आम्ही कळल्यासारखं करायचो. नवरा माझ्याकडे बघायला लागला. तो आमच्यातलाच, पण पुण्यात वाढला, त्याला भाषा येत नाही. त्याला मी अर्थ सांगितला नाही, म्हटलं, बघ पुढे.

जनगणमन सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, तेवढ्यात डुक्कर निसटतं, त्या वेळी लोक हसले. मला हसू आलं नाही. नंतर ते डुक्कर काठीला बांधून आंबेडकरांच्या चित्रावरून नेतात, तेव्हा कुणी हसलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

माझ्या आईला मी नाव सांगितलं तेव्हा तिला खरं वाटलं नाही. “पोस्टरवर? आपला शब्द? लिहिला कसा?” तिला लिहिता-वाचता येत नाही. मी वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली, अक्षरावर बोट ठेवून वाचली. तिनं विचारलं, हे टोपीसारखं काय आहे ‘फ’वर? वरच्या उत्तरात त्या टोपीचं इतकं वाचल्यावर मला ते आठवलं.

घाईत_आहे

बसमधून उतरलो. ताई, माझी एक ओळ मागे घेतो.

निपाणी_नाका

तुराटीताई, चलाखी हा शब्द मीही मागे घेतो. बाकी शंका आहे तशी ठेवतो. माझ्या गल्लीत अजून अर्ध्या लोकांना वाटतं हे इंग्रजी नाव आहे, आणि त्यांनी सिनेमा पाहिलाय. म्हणजे जे कळायला पाहिजे होतं ते त्यांना नावातून कळलं नाहीच. पण तुम्ही म्हणाल, त्यांना ते ‘डुक्कर’मधूनही कळलं नसतं. तेही खरं.

आमच्या आजीला विचारलं, तुझ्या माहेरी हंदीला काय म्हणायचे? म्हणाली, नाव कशाला घेतोस सकाळी सकाळी.

पूर्वभाग_सोलापूर

ताई, तुमच्या चुलतीचं वाचून अव्वाला वाचून दाखवलं. ती म्हणते, तुमच्याकडे पिल्लाला काय म्हणतात विचार. वेळ मिळाला तर सांगा, सक्ती नाही. तिला मोजायचंय आपलं किती जुळतं ते.

शिरोलीचा_साचा

सगळ्यांचे आभार. पाहुण्यांचे जास्त, तुराटीताईंचे सगळ्यात जास्त.

काल रात्री जेवणं झाल्यावर आण्णांना सगळा धागा वाचून दाखवला. तमिळचा भाग चालू असताना ते डोळे मिटून होते, मला वाटलं झोपले. ताईंचं सुरू झालं तेव्हा उठून बसले आणि टीव्ही बंद केला. स्टाफरूमच्या जागी मला थांबवलं, पुन्हा वाच म्हणाले. मग बराच वेळ पान लावत बसले.

आणि मग म्हणाले, “म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो की.”

मी म्हटलं, आण्णा, पाहुण्यांनी एवढं लॅटिन सांगितलं, काही संबंध नाही.

तर म्हणाले, “आमच्या यार्डात ट्रकनं काय उतरायचं?”

मला उमजायला थोडा वेळ लागला. फौंड्रीत भट्टीत घालायला लोखंडाच्या विटा येतात, त्याला सगळे ‘पिग’ म्हणतात. पिग आयर्न. आण्णांनी एकतीस वर्षं पिग उचललंय, भट्टीत टाकलंय, कंबर त्यातच गेली. पूर्वी वितळलेलं लोखंड वाळूत एका मोठ्या चरात सोडायचे आणि त्या चराला दोन्ही बाजूंनी छोटे साचे जोडलेले असायचे, दुधाला लागलेल्या पिल्लांसारखे. मोठा चर म्हणजे डुकरीण आणि बाजूचे साचे म्हणजे पिल्लं. साहेबानं त्यावरून लोखंडाला नाव ठेवलं. हे मी आत्ता शोधून सांगतोय. आण्णांना ते नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या मोल्डरनं सांगितलेलं.

“पोरगं फौंड्रीत लागलं असतं तरी तेच उचलत बसलं असतं,” असं म्हणाले आणि झोपायला गेले.

पूर्वभागवाले, तुमच्या अव्वांच्या प्रश्नाचं उत्तर आलं की मलाही कळवा. आण्णा सकाळी विचारणार, मला माहीत आहे.